अक्षरांच्या गुहा : हौशी टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरचा इतिहास आणि दिवंगत कर्त्यांचे स्मरण

ज्या संगणकीय खेळात पडद्यावर चित्राऐवजी मजकूर उमटतो, खेळणारा कोठे उभा आहे, त्याच्या आसपास कोणत्या वस्तू आहेत आणि तेथून कोणकोणत्या वाटा फुटतात हे दोनचार वाक्यांत सांगितले जाते, आणि त्याने 'उत्तरेकडे जा' किंवा 'दिवा पेटव' अशी आज्ञा टंकित केली की तिचा परिणाम पुन्हा मजकुरातच कळवला जातो, त्या खेळप्रकाराला टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर असे म्हणतात. खेळणाऱ्याची आज्ञा वाचून तिच्यातील क्रियापद कोणते व वस्तू कोणती हे ओळखणारा जो भाग या खेळात असतो त्याला पार्सर म्हणतात. या प्रकाराचा इतिहास बहुधा एका धंद्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे : १९८० च्या आसपास काही कंपन्या निघाल्या, त्यांनी चांगला पैसा मिळवला, रंगीत चित्रांचे खेळ आले आणि दशक संपता संपता त्या बुडाल्या. हे कथन खोटे नाही, परंतु जवळपास पन्नास वर्षांच्या वाटचालीतील जेमतेम दहाबारा वर्षे त्यात सामावतात; त्यांच्या आधीचा आणि नंतरचा काळ हा हौशी मंडळींचा आहे, आणि या प्रकाराची घडण समजून घ्यायची तर त्याच मंडळींकडे पाहावे लागते. त्यांत गुहा धुंडाळणारे होते, शाळकरी मुले होती, गणितज्ञ, कवी आणि चित्रकारही होते. नोकरी वा अभ्यास सांभाळून, बहुतेक वेळा कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, त्यांनी हे खेळ रचले. अशा कर्त्याच्या निधनानंतर त्याचे स्मरण कसे करावे हा प्रश्न चित्रकाराच्या किंवा लेखकाच्या बाबतीत पडतो त्याहून वेगळा आहे, कारण चित्र भिंतीवर राहते, पुस्तक फडताळात राहते, परंतु खेळ चालवणारे यंत्र मोडीत निघाले की खेळ असूनही नसल्यासारखा होतो.

या प्रकाराचे मूळ अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या चुनखडकातील गुहाजालात आहे. आजवर ६७५ किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्ग मोजले गेलेले हे जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहाजाल असून त्याच्या शोधाच्या इतिहासात स्टीफन बिशप या वाटाड्याचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. बिशप हा गुलाम होता. १८३८ मध्ये गुहेचे तत्कालीन मालक फ्रँकलिन गोरिन यांनी त्याला वाटाड्याच्या कामाला लावले, आणि त्याच वर्षी, तोवर जेथे सर्व पाहुणे माघारी फिरत ती 'अथांग विवर' या नावाने ओळखली जाणारी खोल दरड त्याने शिडी आडवी टाकून ओलांडली. पलीकडे लागलेले मार्ग आणि भूमिगत नद्या यांमुळे ज्ञात गुहेचा विस्तार थोड्याच काळात पुष्कळ वाढला. पुढच्याच वर्षी डॉ. जॉन क्रोगन यांनी १०,००० डॉलरांना गुहा विकत घेतली आणि तिच्याबरोबर बिशपही नव्या मालकाकडे गेला. १८४२ मध्ये, क्रोगन यांच्या लुईव्हिलजवळील घरी असताना, बिशपने केवळ स्मरणाच्या आधारे गुहेचा नकाशा काढला आणि १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुहावर्णनाच्या एका पुस्तकात तो छापला गेला. नकाशावर बिशपचे नाव वाटाडा या हुद्द्यासह आले, ही त्या काळातील गुलामाच्या बाबतीत अपवादात्मक गोष्ट होती, आणि पुढे काही दशके गुहेचा प्रमाण नकाशा म्हणून तोच वापरात राहिला.

बिशपला १८५६ मध्ये मुक्तता मिळाली आणि १८५७ मध्ये तो वारला. त्याच्या थडग्यावर बरीच वर्षे कोणतीही खूण नव्हती. अखेर गुहा पाहायला आलेल्या एका धनिकाने त्याच्या विधवेला दिलेला शब्द पाळून १८८१ मध्ये शिळा पाठवली, परंतु ती मुळात दुसऱ्याच कोणासाठी घडवलेली, जुना मजकूर काढून पुन्हा कोरलेली होती, आणि तिच्यावर मृत्यूचे वर्ष १८५९ असे चुकीचे पडले. दगडावरची तारीख चुकली तरी नकाशावरच्या वाटा मात्र खऱ्या होत्या. हौशी खेळकर्त्यांच्या स्मरणाचा विचार करताना ही तुलना उपयोगी पडते, कारण येथेही सत्कार, शिळा आणि मृत्युलेख यांपेक्षा केलेले काम पुन्हा चालून दाखवता येते की नाही यालाच अधिक महत्त्व आहे. बिशप आणि पुढील काळातील खेळकर्ते यांच्यात गुरुशिष्याचे नाते नव्हते, तसा दावा करणे हा अतिरेक ठरेल. तथापि अंधाऱ्या जागेचे डोक्यात साठवलेले चित्र दुसऱ्याच्या उपयोगासाठी बाहेर काढणे, दालनांना लक्षात राहतील अशी नावे देणे आणि पाहुण्याला बोलत बोलत पुढे नेणे हे जे काम बिशप करीत असे, तेच काम सव्वाशे वर्षांनंतर त्याच गुहाजालात वावरणाऱ्या एका प्रोग्रामरने संगणकाकडून करवून घेतले.

तो प्रोग्रामर म्हणजे विल्यम क्राउदर. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही संस्था होती, आणि आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेट या जाळ्यातील संदेशवाहक यंत्रांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या तिच्या चमूत क्राउदर यांचा समावेश होता. सुटीच्या दिवसांत ते आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया केंटकीत जाऊन गुहांची मोजणी करीत, आणि तेथे फीत व होकायंत्र घेऊन नोंदवलेले आकडे घरच्या टेलिटाइपवरून संगणकात भरून त्यांपासून नकाशे आखून घेत. ९ सप्टेंबर १९७२ रोजी फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह ही दोन गुहाजाले आतून जोडलेली असल्याचे ज्या तुकडीने सिद्ध केले, तिच्यात पॅट्रिशिया होत्या. पुढे हे दांपत्य विभक्त झाले. गुहांच्या मोहिमा थांबल्या, मुली दूर राहू लागल्या, आणि १९७५–७६ च्या सुमारास क्राउदर यांनी फोर्ट्रान या संगणकभाषेत एक खेळ लिहिला. भेटीला येणाऱ्या आपल्या दोन मुलींना तो खेळता यावा आणि संगणकाची माहिती नसलेल्यालाही साध्या भाषेत आज्ञा देता याव्यात हा त्यामागचा हेतू त्यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे.

या पहिल्या खेळाचा आकार आज वाचताना फार लहान वाटतो : सुमारे ७०० ओळींचा प्रोग्राम, तितक्याच ओळींचा मजकूर व तक्ते, ६६ दालने आणि १९३ शब्दांचा शब्दसंग्रह. पार्सर दोनच शब्द समजत असे. वस्तू उचलाव्यात, पिंजऱ्यात पक्षी धरावा, बुटक्यांच्या कुऱ्हाडी चुकवाव्यात असा अद्भुताचा भाग त्यात होताच, आणि तो क्राउदर खेळत असलेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या सोंगट्या-फाशांच्या कल्पनाखेळातून आला. मात्र जमिनीखालचा भूगोल बेडक्विल्ट नावाच्या खऱ्या गुहाभागाचा होता. लोखंडी जाळीचे प्रवेशद्वार, पुढचा सरपटत जाण्याचा भाग, त्यानंतरची दालने हे सारे प्रत्यक्षाशी इतके जुळते, की तेथे पहिल्यांदाच उतरलेल्या एका शोधकाला निव्वळ खेळाच्या आठवणीवरून वाट सापडत गेल्याची हकिकत गुहाशोधकांमध्ये सांगितली जाते. म्हणून या खेळाला केवळ करमणुकीचे साधन मानणे अपुरे आहे. गुहेचे असे मोजमाप क्वचितच वाङ्मयीन रूपात उतरले असेल.

क्राउदर यांनी खेळ पुरा केला, संगणकावर ठेवून दिला आणि ते दुसऱ्या कामाला लागले. आर्पानेटवरून तो ठिकठिकाणी पोचला, आणि १९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत डॉन वुड्स या विद्यार्थ्याच्या हाती पडला. त्यात सुधारणा करण्याची इच्छा झालेल्या वुड्स यांना कर्त्याचे आडनाव तेवढे ठाऊक होते, पत्ता नव्हता. तेव्हा त्यांनी जाळ्यातील प्रत्येक संगणकावर क्राउदर या नावाने पत्र पाठवले आणि योग्य ठिकाणाहून उत्तर आल्यावर, म्हणजे परवानगी मिळाल्यावरच, कामाला हात घातला. १९७७ मधील त्यांच्या आवृत्तीत १४० ठिकाणे, २९३ शब्द आणि ३५० गुणांची मोजणी होती. जगभर 'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' म्हणून जी माहीत झाली ती हीच. तिच्यावर आणखी कोणी कोणी भर घालून ५५० गुणांच्या वगैरे आवृत्त्या तयार केल्या. विचारून घेणे, भर घालणे, मूळ कर्त्याचे नाव राखणे आणि झालेले काम फुकट वाटणे ही रीत येथेच पडली. कोणत्याही घटनेत ती लिहिलेली नव्हती, तरी पुढील हौशी पिढ्यांनी ती बऱ्याच अंशी पाळली.

मधल्या धंद्याच्या काळाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. १९७७ मध्ये एम.आय.टी. या संस्थेतील काही तरुणांनी 'झॉर्क' हा पूर्ण वाक्ये समजणारा खेळ लिहायला घेतला, १९७९ मध्ये त्यांच्यातील काहींनी इन्फोकॉम ही कंपनी काढली. त्याआधी १९७८ मध्ये स्कॉट अ‍ॅडम्स यांनी 'अ‍ॅडव्हेंचरलँड' हा खेळ घरगुती संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत बसवून विक्रीस आणला होता. इन्फोकॉमने व्यावसायिकांसाठी माहितीसंग्रहाचा एक प्रोग्राम काढण्याच्या नादात पैसा बुडवला, १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने ती घेतली आणि १९८९ मध्ये तिला टाळे लागले. तिच्या खेळांची वाखाणणी पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यही आहे, परंतु टिकाऊपणाच्या दृष्टीने तिची खरी देणगी निराळी होती. त्या काळी डझनावारी प्रकारचे घरगुती संगणक बाजारात होते आणि एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे; म्हणून इन्फोकॉमच्या मंडळींनी झेड-मशीन नावाचे आभासी यंत्र, म्हणजे प्रत्यक्षात कोठेच न बांधलेला, केवळ नियमांच्या रूपात असलेला संगणक कल्पिला, सर्व खेळ त्याच्यासाठी लिहिले आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्राम तयार केला. अशा प्रोग्रामला इंटरप्रिटर म्हणतात. ही युक्ती खर्च वाचवण्यासाठी होती. तिच्यामुळे खेळ आपल्या कर्त्यांपेक्षा आणि कंपनीपेक्षाही अधिक जगतील हा हिशेब तेव्हा कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही.

हौशी कारागिरीची खरी भरभराट झाली ती ब्रिटनमध्ये. एप्रिल १९८२ मध्ये झेड एक्स स्पेक्ट्रम हा संगणक १२५ पौंड एवढ्या आरंभीच्या किमतीला बाजारात आला आणि मध्यमवर्गीय घरांतील दूरचित्रवाणीसंचाला जोडला जाऊ लागला. (भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये त्याच्या पुढील आवृत्तीचे परवान्याखाली उत्पादन सुरू केले, त्यामुळे येथील काही घरांतही हे यंत्र माहीत होते.) यंत्र हाती आले, पण खेळ लिहायचा तर यंत्रभाषा शिकणे भाग होते. ही अडचण ग्रॅम येंडल यांनी १९८३ मध्ये दूर केली. 'प्रॅक्टिकल कॉम्प्युटिंग' या मासिकाच्या ऑगस्ट १९८० च्या अंकात केन रीड यांनी साहसखेळ हा प्रोग्राम म्हणून न लिहिता तक्त्यांच्या रूपात मांडावा अशी कल्पना सुचवली होती. तिच्यावरून येंडल यांनी 'द क्विल' हे साधन तयार केले आणि वेल्समधील बॅरी या गावच्या गिलसॉफ्ट या लहानशा कंपनीने ते विक्रीस आणले. क्विलमध्ये कर्त्याने जागांची वर्णने, वस्तूंची नावे, संदेश आणि शब्दसंग्रह भरायचा, कोणत्या जागेतून कोणत्या दिशेने कोठे जाता येते याचा तक्ता द्यायचा आणि 'अमुक जागी तमुक वस्तू जवळ असताना अशी आज्ञा आली तर असे घडावे' अशा अटी ओळीने लिहायच्या; उरलेले काम साधन करीत असे. तयार खेळ विकायला गिलसॉफ्टने आडकाठी केली नाही, खेळात क्विलचा उल्लेख असावा एवढीच अपेक्षा ठेवली.

परिणाम असा झाला, की शेकडो लोकांनी खेळ लिहिले. फर्गस मॅकनील यांनी शाळकरी वयातच क्विल हाताळून केलेली 'बोअर्ड ऑफ द रिंग्ज' ही विडंबनकृती १९८५ मध्ये बाजारात चांगली चालली. बाकीच्यांनी नातलगांसाठी, मित्रांसाठी किंवा टपालाने मागवणाऱ्या दहावीस गिऱ्हाइकांसाठी कॅसेटी भरल्या. त्यांतील पुष्कळ खेळ सामान्य होते, दारे, किल्ल्या आणि चेटकिणी यांची पुनरुक्ती कंटाळवाणी होती आणि शुद्धलेखनही बेताचेच होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु कोणत्याही हौशी कलेचा पाया अशाच सामान्य कामांच्या राशीवर उभा राहतो, आणि महाराष्ट्रातील हौशी रंगभूमीची ओळख असलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या टप्प्यावर चित्रकला या शब्दप्रधान खेळात शिरली, आणि तिच्या शिरकावाची तऱ्हा लक्षणीय आहे. स्पेक्ट्रमच्या एका पूर्ण पडद्याचे चित्र जसेच्या तसे साठवायचे तर ६,९१२ बाइट लागत. ४८ किलोबाइटांच्या यंत्रात, ज्यात खेळाचा सगळा मजकूर, तक्ते आणि चालक प्रोग्राम बसवायचा होता, अशी चार चित्रेसुद्धा डोईजड ठरली असती. म्हणून गिलसॉफ्टच्या 'इलस्ट्रेटर' या जोडसाधनात आणि १९८५ मध्ये इन्सेंटिव्ह सॉफ्टवेअरने आणलेल्या 'ग्राफिक अ‍ॅडव्हेंचर क्रिएटर'मध्ये चित्राऐवजी चित्र काढण्याची कृती साठवली जाई : येथून तेथवर रेघ ओढ, हा बंदिस्त भाग अमुक रंगाने भर, पुढची रेघ तेथून सुरू कर. खेळणारा नव्या जागी पोचला की यंत्र ती कृती पुन्हा करून दाखवी, आणि त्यामुळे कर्त्याने आधी क्षितिज आखले की झाड, चूक झाकण्यासाठी कोठे रंग ओतला, कोठे घाई केली हे सारे पडद्यावर क्रमाने दिसत असे. कुंचल्याचे काम पाहणाऱ्याला तयार चित्रच भेटते, त्यामागची हालचाल अनुमानाने ओळखावी लागते. येथे हाताची हालचाल हीच साठवलेली वस्तू होती. जो चित्रकार फावल्या वेळात असे खेळ करीत होता त्याच्या मागे राहिलेल्या या कॅसेटी, रेखाटनांच्या वह्यांइतक्याच गांभीर्याने जपण्याजोग्या आहेत, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. कलासंग्रहालयांचे लक्ष अजून तिकडे फारसे वळलेले नाही.

दुकानांनी पाठ फिरवल्यावर हा व्यवहार टपालावर टिकला. रॉचडेल येथील झेनोबी सॉफ्टवेअरने हौशी कर्त्यांचे खेळ कॅसेटवर भरून टपालाने विकण्याचे काम १९९० च्या दशकातही चालू ठेवले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अ‍ॅडव्हेंचर प्रोब' या घरगुती मासिकातून परीक्षणे, अडलेल्यांसाठी सूचना आणि वाचकांची पत्रे छापली जात.

१९८९ नंतर विकण्यासारखे काही उरले नाही, आणि धंद्याच्या दृष्टीने कथा जेथे संपते तेथून हौशी कामाचा दुसरा, माझ्या-तुझ्याच्या हिशेबापलीकडचा कालखंड सुरू होतो. इन्फोकॉमने झेड-मशीनचे नियम जाहीर केलेले नव्हते; हौशी मंडळींनी जुने खेळ उलगडून ते शोधून काढले आणि स्वतःचे इंटरप्रिटर लिहिले. १९९२ मध्ये फोल्कर ब्लाझिउस यांनी जर्मनीतील एका संगणकसंशोधन संस्थेच्या यंत्रावर या खेळांचे आणि साधनांचे सार्वजनिक भांडार उघडले, जे आय.एफ. (इंटरॅक्टिव्ह फिक्शन, म्हणजे अशा खेळांचे दुसरे नाव) आर्काइव्ह या नावाने आजही चालू आहे. १९९३ मध्ये ऑक्सफर्डचे गणितज्ञ आणि कवी ग्रॅहम नेल्सन यांनी इन्फॉर्म ही संगणकभाषा व तिच्यात रचलेला 'कर्सेस' हा खेळ एकाच वेळी प्रसिद्ध केला. इन्फॉर्ममध्ये लिहिलेला खेळ थेट झेड-मशीनसाठीच तयार होत असल्याने बुडालेल्या कंपनीचे काल्पनिक यंत्र हौशी लोकांच्या मालकीचे झाल्यासारखे झाले. १९९५ मध्ये केविन विल्सन यांच्या पुढाकाराने आय.एफ. कॉम्प ही वार्षिक स्पर्धा सुरू झाली. साधारण दोन तासांत परीक्षण करता येईल एवढाच खेळ असावा या तिच्या मर्यादेमुळे कर्त्यांचे लक्ष विस्ताराकडून रचनेकडे वळले, आणि लघुकथेने कादंबरीच्या बाजूला स्वतःची जागा केली तसे काहीसे येथे घडले. १९९८ ची स्पर्धा जिंकणाऱ्या अ‍ॅडम केड्री यांच्या 'फोटोपिया'मध्ये कोडी जवळजवळ नाहीतच. एका मुलीच्या मृत्यूभोवती गुंफलेले प्रसंग खेळणारा पुढे सरकवत जातो आणि घटना टाळणे त्याच्या हाती नाही हे त्याला हळूहळू उमगते.

चित्रकलेचा धागा या काळातही तुटला नाही, फक्त त्याचे रूप बदलले. १९९९ मध्ये मार्नी पार्कर यांनी आय.एफ. आर्ट शो हे प्रदर्शन सुरू केले, ज्यात कथानक असलेला खेळ न मागवता व्यक्तिचित्र, निसर्गचित्र आणि स्थिरचित्र या चित्रशाळेतील वर्गांत बसेल अशी, मजकुराने रचलेली एकच वस्तू किंवा जागा मागवली जाई. रेघ नाही, रंग नाही. पाहणाऱ्याने 'पाहा', 'स्पर्श कर', 'विचार' अशा आज्ञा देत त्या वस्तूभोवती फिरायचे आणि कर्त्याने त्याच्या प्रत्येक संभाव्य कुतूहलाचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असायचे. २००० च्या प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरलेली एमिली शॉर्ट यांची 'गॅलेटिया' ही बोलणाऱ्या पुतळ्याची रचना या माध्यमाच्या अभ्यासात आज अभिजात मानली जाते. कर्ता हयात नसतानाही त्याने योजलेले उत्तर खेळणाऱ्याला मिळत राहते, हा या कलेचा गुणधर्म येथे फार स्पष्ट दिसतो. आणि जेथे कर्त्याला प्रश्नाची कल्पना आली नव्हती तेथे पार्सर 'समजले नाही' असे कोरडेपणाने सांगतो, तोही त्याच कर्त्याच्या स्वभावाचा पुरावा असतो.

भाषेचा अडसर मात्र मोठा होता. क्रियापद आधी आणि वस्तू नंतर या इंग्रजी आज्ञेच्या क्रमावर पार्सरची बांधणी झालेली होती. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, स्वीडिश अशा भाषांतील हौशी मंडळींनी इन्फॉर्मचे पार्सर आपापल्या व्याकरणाप्रमाणे बदलून घेतले. 'किल्लीने दार उघड' या मराठी आज्ञेत वस्तूंचे नाते विभक्तीप्रत्ययाने कळते आणि क्रियापद शेवटी येते, त्यामुळे प्रत्यय सोडवणारा पार्सर नव्यानेच रचावा लागेल. ते अशक्य नाही, कष्टाचे आहे.

दिवंगत कर्त्याच्या कामाचे काय होते याचे चांगले उदाहरण, योगायोगाने, मृत्यूचे नसून विस्मरणाचे आहे. क्राउदर यांचा मूळ प्रोग्राम जवळजवळ तीस वर्षे हरवलेला होता; वुड्स यांच्या आवृत्तीत तो इतका मिसळून गेला होता, की कोणता भाग कोणाचा हे तर्कानेच ठरवावे लागे. गुहेचे वर्णन क्राउदर यांचे आणि अद्भुत सारे वुड्स यांचे अशी सोपी वाटणी रूढ झाली होती. स्टॅनफर्डमधील वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील खात्याच्या जुन्या राखीव प्रतीत मूळ फाइल सापडली आणि डेनिस जेर्झ या अभ्यासकाने प्रत्यक्ष गुहेत उतरून, मजकूर व जागा ताडून पाहून २००७ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा ती वाटणी चुकीची ठरली : जादूचा शब्द, बुटके आणि खजिना क्राउदर यांच्याच आवृत्तीत होते. दोघेही हयात असताना, त्यांना विचारण्याची सोय असतानाही एवढा गैरसमज टिकला, त्यावरून ज्यांना विचारता येणार नाही अशांच्या बाबतीत मूळ फाइलचे मोल किती असेल हे ध्यानात येते.

स्पेक्ट्रमच्या कॅसेटींसाठीही अशी साधने आता झाली आहेत. जॉन एलियट यांचा 'अनक्विल' हा प्रोग्राम क्विलमध्ये केलेल्या खेळाची प्रतिमा उलगडून त्यातील जागा, संदेश, वस्तू आणि अटींचे तक्ते सुटे करतो; त्यामुळे निवर्तलेल्या कर्त्याची रचनापद्धती, म्हणजे त्याने नकाशा कोठून सुरू केला, कोणती अट मागाहून घुसडली, कोणता संदेश वापरायचा राहून गेला, हे एखाद्या हस्तलिखिताप्रमाणे अभ्यासता येते.

तांत्रिक बाजू अशी बरीच सुटली असली तरी कायद्याची सुटलेली नाही. आय.एफ. कॉम्पमध्ये भाग घेणारा कर्ता स्वामित्वहक्क स्वतःकडे ठेवतो, परंतु खेळ विनामूल्य वाटण्याची आणि भांडारात ठेवण्याची परवानगी देऊन टाकतो, त्यामुळे त्याच्या पश्चात वारसांना शोधत बसावे लागत नाही. क्विलच्या काळातील कॅसेटींना असे संरक्षण नाही. ब्रिटनमध्ये हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे आणि भारतात ६० वर्षे टिकतात. म्हणजे १९८४ मध्ये केलेल्या एखाद्या खेळाचा कर्ता १९९० मध्ये वारला असेल तर त्याची प्रत ब्रिटनमध्ये मोकळेपणाने काढायला २०६० संपावे लागेल, आणि चुंबकीय फितीला तोवर दम नाही. वारसांना बहुधा आपल्याकडे असा काही हक्क आहे याची जाणीवही नसते, मग परवानगी देणार कोण? म्हणून संग्राहक आज जेथे वारस सापडतो तेथे विचारतात, जेथे सापडत नाही तेथे आधी प्रत काढून ठेवतात आणि कोणी हरकत घेतली तर ती सार्वजनिक भांडारातून काढून घेण्याची तयारी दाखवतात. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने ही वागणूक सदोष आहे; सध्या तरी या खेळांचे जे काही उरले आहे ते तिच्यामुळेच उरले आहे.